व्लादिमीर किती, कुठले आणि कुणाचे

२०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटलं तेव्हा दोन्ही राजधान्यांत एकाच नावाची माणसं खुर्चीवर बसलेली होती. मॉस्कोत व्लादिमीर पुतिन, कीवमध्ये व्होलोदिमिर झेलेन्स्की. उच्चार एक रशियन आणि एक युक्रेनियन, नाव तेच. त्यात पुतिन म्हणजे व्लादिमीर व्लादिमिरोविच, व्लादिमीरचा मुलगा व्लादिमीर, आणि जन्मला कुठे तर १९५२ मध्ये लेनिनग्राडला, म्हणजे तिसऱ्याच एका व्लादिमीरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरात, कारण लेनिनचं पाळण्यातलं नावसुद्धा व्लादिमीरच. हे एकदा डोक्यात बसलं की मग माणूस शोधतच सुटतो आणि सापडतं काय काय तर राजे, संत, डोळे काढलेला एक राजा, दोन शहरं, एक तुरुंग, घोडा, ट्रॅक्टर, पाणबुड्या, अंतराळवीर, यादी संपतच नाही.

तिकडचं कॉमन नाव आहे, असणारच इतके, असं म्हणून सोडून देता येतं. पण यातले निम्म्याहून जास्त धागे हजार वर्षांपूर्वीच्या एकाच माणसापाशी जातात आणि आज जी भांडणं चालू आहेत त्यातलं एक भांडण तर थेट त्या माणसाच्या मालकीवरून आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं.

तो माणूस कीवचा, पण इतिहासात त्याच्याही आधी एक व्लादिमीर राजा होऊन गेला, बल्गेरियाचा, आणि त्याची गोष्ट भयंकर आहे. त्याचे वडील बोरिस यांनी बल्गेरियाला ख्रिश्चन केलं आणि ८८९ मध्ये राज्य मुलाच्या हातात देऊन स्वतः मठात जाऊन बसले. पोराने काय केलं, तर जुने देव परत आणायचा घाट घातला. चार वर्षं म्हाताऱ्याने ऐकून घेतलं असेल नसेल, ८९३ मध्ये बोरिस मठातून बाहेर आला, स्वतःच्या मुलाला गादीवरून खेचलं, त्याचे डोळे काढले, तुरुंगात टाकलं, धाकट्या सिमेऑनला राजा केलं आणि परत मठात गेला. ह्या बोरिसला पुढे संत मानलं गेलं बरं का. व्लादिमीरला अर्थातच कुणी काही मानलं नाही, त्याचा पुतळा बांधायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

आता कीववाला. हा कीवचा राजा स्वियातोस्लाव्ह याचा मुलगा, पण आई मालुशा ही राजवाड्यात कोठीघर सांभाळणारी, त्यामुळे खानदानी लोकांच्या लेखी हा दासीपुत्र. पोलोत्स्कच्या राजकन्येला, रोग्नेदाला, ह्याने मागणी घातली तेव्हा ती म्हणाली की दासीच्या मुलाचे जोडे मी काढणार नाही (तिकडे लग्नात नवरीने नवऱ्याचे जोडे काढायची पद्धत होती). मग ह्याने पोलोत्स्कवर हल्ला केला, तिच्या बापाला आणि भावांना मारलं आणि तिच्याशी जबरदस्तीने लग्न लावलं. सख्खा नाही पण बापाकडून भाऊ असलेला यारोपोल्क, त्यालाही भेटायला बोलावून मारून टाकलं आणि ९८० च्या आसपास कीवचा राजा झाला. जुन्या बखरीत त्याच्या ८०० उपपत्नी लिहिलेल्या आहेत. आकडा फुगवलेला असणार, कारण बखर लिहिणाऱ्या साधूंना धर्मांतराच्या आधीचा माणूस जितका वाईट दाखवता येईल तितका हवाच होता, पण बाकीचं वागणं बघता माणूस साधा नव्हता हे नक्की.

आणि हा पुढे संत व्लादिमीर.

गादीवर आल्याआल्या त्याने कीवच्या टेकडीवर जुन्या देवांच्या लाकडी मूर्ती उभ्या केल्या, सगळ्यात मोठा पेरून, वीज आणि मेघगर्जनेचा देव, चांदीचं डोकं आणि सोन्याच्या मिशा. थोडक्यात बल्गेरियाच्या व्लादिमीरने जे केलं तेच ह्यानेही आधी केलं. मग त्याला वाटलं की एखादा मोठा धर्म घ्यावा, आणि बखरीत जो किस्सा आहे तो तिकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो: वेगवेगळ्या धर्मांचे लोक येऊन आपापला माल दाखवून गेले, मुसलमान म्हणाले दारू चालणार नाही तर व्लादिमीर म्हणाला की आमच्या लोकांचं सगळं सुख पिण्यातच आहे, त्याच्याशिवाय आमचं होणार नाही. ज्यूंना विचारलं तुमचा देश कुठे आहे. ते म्हणाले देवाने रागावून आम्हाला जगभर विखुरलं, तर म्हणाला मग आम्हीही तसंच व्हावं का. शेवटी दूत कॉन्स्टँटिनोपलला जाऊन आले आणि म्हणाले की तिथल्या चर्चमध्ये उभं राहिल्यावर आम्ही स्वर्गात आहोत की पृथ्वीवर हेच कळेना. झालं, ठरलं.

गोष्ट मस्त आहे पण खरा हिशेब जास्त रोखठोक होता. बायझंटाइन सम्राट दुसरा बेसिल तेव्हा बंडखोर सरदारांमुळे अडचणीत होता, त्याला सैनिक हवे होते, व्लादिमीरने ६,००० वारांगी (म्हणजे स्कँडिनेव्हियातले व्हायकिंग) योद्धे पाठवले आणि बदल्यात सम्राटाची सख्खी बहीण आना मागितली. सम्राटाच्या घराण्यातली मुलगी असल्या रानटी राजाला देणं म्हणजे अब्रूचा प्रश्न, सम्राटाकडून चालढकल झाली, मग ह्याने क्रिमियातलं खेर्सोनेसस हे त्यांचंच बंदर जिंकून घेतलं. लग्न झालं, त्याआधी बाप्तिस्मा झाला, साल ९८८ धरतात. परत आल्यावर तोच पेरून घोड्याच्या शेपटीला बांधून टेकडीवरून ओढत नेला, बारा माणसं काठ्यांनी त्याला बडवत होती, आणि शेवटी द्नीपर नदीत फेकला. मग गावातल्या सगळ्यांना नदीवर यायचं फर्मान निघालं, बाप्तिस्म्यासाठी.

इथे एक गंमत आहे जी मला सगळ्यात आवडली. बाप्तिस्म्यात त्याला जे नाव मिळालं ते वासिली, म्हणजे बेसिलच, मेहुण्याचंच नाव. व्लादिमीर हे नाव चर्चच्या दृष्टीने काफिरांचं, त्या नावाचा कुणी संतच नव्हता. त्याचा पणतू व्लादिमीर मोनोमाख, त्याचंही चर्चमधलं नाव वासिली. पुढे ह्या पहिल्या व्लादिमीरला संत केलं तेव्हा कुठे त्या नावाची सोय झाली. म्हणजे आज लाखो लोकांचं जे अगदी ऑर्थोडॉक्स, धार्मिक वाटणारं नाव आहे ते त्या एका माणसामुळे मागच्या दाराने आत आलेलं आहे.

तो १०१५ च्या जुलैत गेला आणि लगेच पोरांनी एकमेकांचे गळे धरले, ते अपेक्षितच होतं. पण पुढच्याच वर्षी, १०१६ च्या मे महिन्यात, तिकडे बाल्कनमध्ये अजून एक व्लादिमीर मेला आणि तोही संत झाला. योवान व्लादिमीर, दुक्ल्या नावाच्या छोट्या राज्याचा राजा, म्हणजे साधारण आजचं माँटेनेग्रो. हा मात्र खरोखर भला माणूस दिसतो. बल्गेरियाच्या सम्राटाच्या कैदेत असताना सम्राटाची मुलगी कोसारा त्याच्या प्रेमात पडली, लग्न झालं, राज्य परत मिळालं, आणि मग नवीन सम्राट इव्हान व्लादिस्लाव्हने भेटायला बोलावलं. भरवसा म्हणून सोन्याचा क्रूस पाठवला. हा म्हणाला ख्रिस्ताला सोन्याच्या क्रुसावर मारलं नव्हतं, लाकडाचा पाठवा. लाकडाचा आला, हा गेला, आणि प्रेस्पाच्या चर्चच्या दाराशी त्याचं डोकं उडवलं. लाकडी क्रूस हातातच होता म्हणतात. माँटेनेग्रोत बार शहराजवळ रुमिया नावाचा डोंगर आहे, तिथे दरवर्षी एका सणाला पहाटे त्याचा क्रूस शिखरावर घेऊन जातात, आणि ह्या चढाईत ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, मुसलमान असे सगळे जायचे असं जुने लोक लिहून गेलेत. एवढं असून बाहेरच्या जगात ह्या व्लादिमीरला कुणी ओळखत नाही. सैन्य नव्हतं ना त्याच्या नावामागे.

मोनोमाखकडे परत येऊ कारण तो इंटरेस्टिंग माणूस आहे. १०५३ चा जन्म, १११३ ते ११२५ कीवचा राजा. आई बायझंटाइन मोनोमाखोस घराण्यातली म्हणून हे आडनावासारखं नाव. बायको कोण तर गिथा, म्हणजे १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत मेलेला इंग्लंडचा राजा हॅरल्ड, त्याची मुलगी. बाप गेला, देश गेला, पोरगी पळत पळत डेन्मार्कमार्गे कीवच्या राजघराण्यात. आणि मग दोनच पिढ्यांत उलटा प्रवास: मोनोमाखची नात इंगेबोर्ग डेन्मार्कच्या घराण्यात दिली, तिने मुलाचं नाव पणजोबांवरून ठेवलं आणि ते डॅनिश तोंडात झालं वाल्डेमार. हा वाल्डेमार पहिला, डेन्मार्कच्या मोठ्या राजांपैकी एक, ११८२ पर्यंत राज्य केलं, आणि नंतर डेन्मार्कमध्ये वाल्डेमारांची रांगच लागली. कोपनहेगनच्या राजवाड्यात कीवचं नाव, ते असं पोचलं.

मोनोमाखची टोपी म्हणून एक वस्तू क्रेमलिनच्या संग्रहालयात आहे, सोन्याची, खाली फर, वर क्रूस, झारांचा राज्याभिषेक तिनेच व्हायचा. आख्यायिका अशी की मोनोमाखचे आजोबा मानले जाणाऱ्या बायझंटाइन सम्राटाने ती त्याला पाठवली. पण त्या आजोबा सम्राटाचा मृत्यू झाला तेव्हा मोनोमाख दोनेक वर्षांचा होता, आणि अभ्यासकांच्या मते टोपीचं काम १४ व्या शतकाच्या आसपासचं आहे, बहुतेक मध्य आशियाई कारागिरांचं. म्हणजे ज्या तातारांनी रशिया शेकडो वर्षं दाबून ठेवला त्यांच्याकडची टोपी बहुधा, आणि नाव व्लादिमीरचं. वापरायला सोयीचं नाव आहे हो हे, कशालाही लावा.

शहरांचं तर विचारूच नका. रशियात मॉस्कोच्या पूर्वेला साधारण १९० किलोमीटरवर क्ल्याझ्मा नदीकाठी व्लादिमीर शहर आहे. मोनोमाखने ११०८ मध्ये वसवलं असं वर्षानुवर्षं मानत होते, १९५८ मध्ये ८५० वर्षं साजरी केली, चौकात त्या ८५० वर्षांचं स्मारकही उभं केलं जे अजून आहे. मग नंतर ठरलं की नाही, खुद्द संत व्लादिमीरने ९९० मध्ये वसवलं, आणि शहर एका झटक्यात ११८ वर्षांनी म्हातारं झालं. स्मारकावरचा ८५० मात्र तसाच. शहर सुंदर आहे, पांढऱ्या दगडाची १२ व्या शतकातली चर्च, सोनेरी दरवाजा, १९९२ पासून युनेस्कोच्या यादीत. पण बारकाईने बघितलं की कळतं की हे शहर कीवची नक्कल म्हणून वाढवलेलं आहे. सोनेरी दरवाजा कीवमध्ये होता म्हणून इथे, आणि इथल्या छोट्या नद्यांची नावंसुद्धा लिबेद आणि पोचायना, जी कीवच्या ओढ्यांची आहेत. आंद्रेई बोगोल्युब्स्की हा राजा ११५५ मध्ये कीवजवळच्या विशगोरोदहून मेरीमातेचं एक प्रसिद्ध चित्र उचलून इकडे घेऊन आला, आणि ११६९ मध्ये त्याच्या सैन्याने कीव लुटलं. आधी नाव घेतलं, मग चित्र, मग सगळंच.

ते चित्र आज 'व्लादिमीरची मेरीमाता' म्हणून जगप्रसिद्ध आहे. बनलं कॉन्स्टँटिनोपलमध्ये, राहिलं कीवजवळ, व्लादिमीरमध्ये २४० वर्षं, मग १३९५ मध्ये तैमूर चाल करून येत होता तेव्हा मॉस्कोला नेलं, तैमूर परत फिरला, चमत्कार झाला असं सगळे म्हणाले आणि ते मॉस्कोतच राहिलं. पुढे ते तिथल्या त्रेत्याकोव्ह गॅलरीला जोडलेल्या चर्चमध्ये काचेमागे ठेवलं. युक्रेनियन लोक त्याला विशगोरोदची मेरीमाता म्हणतात आणि माझ्या मते त्यांचं म्हणणं चूक नाही, पण मग कॉन्स्टँटिनोपलवाल्यांनी काय म्हणायचं?

दुसरं शहर युक्रेनच्या पश्चिमेला, व्होलिन प्रांतात, बखरीत ९८८ मध्येच उल्लेख आहे, म्हणजे रशियातल्या व्लादिमीरपेक्षा कागदोपत्री तरी जुनं. १७९५ नंतर रशियन साम्राज्यात गेलं, तिथे आधीच एक व्लादिमीर असल्याने ह्याला 'व्होलिनस्की' अशी शेपटी लावली, म्हणजे धाकट्याने थोरल्याला सांगितलं की तू तुझ्या नावापुढे काहीतरी जोड. ती शेपटी २०२१ च्या डिसेंबरमध्ये युक्रेनच्या संसदेने ठराव करून काढली, आता नुसतं व्होलोदिमिर. ह्या शहराने अजून एक उद्योग करून ठेवलाय. त्याच्या नावाचं लॅटिन रूप झालं लोदोमेरिया. १३ व्या शतकाच्या सुरुवातीला हंगेरीच्या राजाने 'गॅलिशिया आणि लोदोमेरियाचा राजा' अशी पदवी लावून घेतली, प्रत्यक्ष ताबा असो नसो. साडेपाचशे वर्षांनी, १७७२ मध्ये, ऑस्ट्रियाला पोलंडचा तुकडा गिळायचा होता तेव्हा कुणीतरी ही धूळ खात पडलेली पदवी शोधून काढली आणि म्हणाले हे तर आमचंच आहे, आमची राणी हंगेरीची राणी आहे ना. त्यातून 'गॅलिशिया आणि लोदोमेरियाचं राज्य' तयार झालं आणि १९१८ पर्यंत टिकलं. ज्या शहरावरून लोदोमेरिया नाव आलं ते शहर मात्र त्या राज्यात नव्हतंच, ते आधी पोलंडकडे, मग रशियाकडे. नाव एकाकडे, गाव दुसऱ्याकडे, आणि दीडशे वर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रशियातल्या व्लादिमीरकडे मॉस्कोहून जाणारा रस्ता म्हणजे व्लादिमिरका. ह्याच रस्त्याने सायबेरियाला पाठवायच्या कैद्यांना बेड्या घालून चालवत नेत. लेव्हितान नावाच्या चित्रकाराने १८९२ मध्ये ह्या रस्त्याचं चित्र काढलं, त्यात कैदी नाहीत, नुसता राखाडी ढगांखाली क्षितिजापर्यंत जाणारा रस्ता आणि बाजूला पायांनी पडलेल्या वाटा, आणि तरी बघणाऱ्याला सगळं कळतं. क्रांतीनंतर १९१९ मध्ये मॉस्कोतल्या त्याच्या भागाचं नाव बदलून 'उत्साही लोकांचा महामार्ग' ठेवलं. मी चेष्टा करत नाहीये, आजही तेच नाव आहे.

आणि शहरात तुरुंग. व्लादिमीर सेंट्रल, रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिच्या काळातला, १७८३ चा, अजूनही चालू. त्याच्यावर रशियात एक भयंकर लोकप्रिय गाणं आहे, त्यामुळे तिकडे 'व्लादिमीर' म्हटल्यावर बऱ्याच जणांना चर्चच्या आधी जेल आठवतं. स्टालिनचा मुलगा वासिली बाप मेल्यावर इथे होता, तोही खोट्या नावाने, वासिल्येव्ह म्हणून. १९६० मध्ये पाडलेल्या अमेरिकन यू-टू विमानाचा पायलट गॅरी पॉवर्स इथेच ठेवला होता. वेळ जाईना म्हणून गालिचा विणायला शिकला, आणि १९६२ मध्ये बर्लिनजवळच्या पुलावर सोव्हिएत हेराच्या बदल्यात सुटला. नंतर व्लादिमीर बुकोव्स्की, सरकारविरोधी लिहिणारा बोलणारा माणूस, तो १९७६ मध्ये ह्याच तुरुंगातून बाहेर काढून झुरिकला नेऊन चिलीच्या कम्युनिस्ट नेत्याच्या बदल्यात दिला. व्लादिमीरमधून व्लादिमीर एक्सपोर्ट.

शहराच्या नावाने चांगल्या गोष्टीही आहेत हो. व्लादिमीर चेरी, आंबटगोड. व्लादिमीर जातीचा घोडा, गाडी ओढणारा, दणकट, पायांवर केसांचे झुपके, १९४६ मध्ये अधिकृत जात म्हणून मान्यता मिळाली, आणि त्याच्या रक्तात खरं तर स्कॉटलंडचे क्लाइड्सडेल आणि इंग्लंडचे शायर घोडे आहेत (गिथाबाईंची आठवण झाली मला). आणि तिथल्या कारखान्यातला छोटा टी-२५ ट्रॅक्टर, त्याचं लाडाचं नाव व्लादिमिरेत्स, म्हणजे व्लादिमीरकर.

आता लेनिन. कॅथरीननेच १७८२ मध्ये 'संत व्लादिमीर पदक' सुरू केलं होतं, चार श्रेणी, ब्रीदवाक्य 'उपयोग, सन्मान, कीर्ती'. सरकारी नोकरीत वर्षानुवर्षं इमानदारीत घासलेल्या माणसांनाही मिळायचं. शाळा तपासणारे एक साहेब, इल्या उल्यानोव्ह, त्यांना ह्याची तिसरी श्रेणी मिळाली, त्या श्रेणीसोबत वंशपरंपरागत उमरावपण यायचं. त्यांचा मुलगा व्लादिमीर उल्यानोव्ह, म्हणजेच लेनिन. म्हणजे झारशाही उलथवणाऱ्या व्लादिमीरच्या घरात झारशाहीचंच संत व्लादिमीर पदक पडलेलं होतं. कम्युनिस्टांनी अर्थातच ते पदक बंद केलं, आणि मग स्वतःचा नवा संत व्लादिमीर तयार केला. पोरांची नावं व्लादलेन, व्लादिलेन, विलेन (होय, आपल्याकडे सिनेमात असतो तोच उच्चार, पोरगं शाळेत सुखाने जायचं), मुलींना निनेल, म्हणजे लेनिन उलटा. शहरं, धरणं, बर्फ फोडणारं जहाज सगळं लेनिनच्या नावाने. बाप्तिस्मा नाही म्हणायचा फक्त.

मायाकोव्स्की हा कवीसुद्धा व्लादिमीर व्लादिमिरोविच. त्याने वीस वर्षांचा असताना १९१३ मध्ये एक नाटक लिहिलं, त्याचं नाव 'व्लादिमीर मायाकोव्स्की', त्यात मुख्य भूमिका कवी व्लादिमीर मायाकोव्स्कीची आणि ती केली व्लादिमीर मायाकोव्स्कीने. आत्मविश्वास असावा तर असा. नंतर १९२४ मध्ये लेनिन गेल्यावर त्याच्यावर दीर्घ काव्य लिहिलं, त्याच्याही शीर्षकात व्लादिमीर. कादंबरीकार नाबोकोव्हही व्लादिमीर व्लादिमिरोविचच, पण तो घराण्यासकट लेनिनमुळे देशाबाहेर गेला, वडील व्लादिमीर १९२२ मध्ये बर्लिनमध्ये गोळी लागून मेले. अमेरिकन लोक त्याचं नाव बोलताना पहिल्या अक्षरावर जोर द्यायचे, ते त्याला चालायचं नाही, 'दी' वर जोर द्या म्हणून सांगायचा.

हे सगळं ठीक आहे, पण पुतळ्यांवर थोडं बोललंच पाहिजे कारण खरी मालकीची मारामारी तिथे आहे. कीवमध्ये द्नीपरच्या वर टेकडीवर हातात मोठा क्रूस घेतलेला व्लादिमीर १८५३ पासून उभा आहे, झारच्या काळातला. त्याच वर्षी काळ्या समुद्रात 'व्लादिमीर' नावाच्या रशियन जहाजाने तुर्कांचं जहाज पकडलं, वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकांची एकमेकींशी झालेली ती पहिली लढाई मानतात. मॉस्कोत त्याचा पुतळा आला २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, क्रेमलिनच्या अगदी भिंतीशी, साडेसतरा मीटर, उद्घाटन पुतिनच्या हस्ते. आधी शहरभर दिसेल अशा उंच टेकडीवर २४ मीटरचा उभा करायचा बेत होता, मॉस्कोकरांनीच विरोध केला म्हणून जागा बदलली, उंची कमी झाली. आता मुद्दा असा की तो राजा असताना मॉस्को हे शहर अस्तित्वातच नव्हतं, त्याचा पहिला उल्लेख ११४७ चा. क्रिमिया घेतला त्या २०१४ च्या मार्चमधल्या भाषणातही पुतिनने खेर्सोनेससमधल्या बाप्तिस्म्याचा दाखला दिला होता. म्हणजे हजार वर्षांपूर्वी एका राजाने सम्राटाची बहीण मिळावी म्हणून एक बंदर जिंकलं आणि तो आज सातबारा म्हणून दाखवायचा.

युक्रेनचंही तितकंच घट्ट धरून ठेवणं आहे. त्यांच्या राजचिन्हातला त्रिशूळ थेट व्लादिमीरच्या सोन्याचांदीच्या नाण्यांवरून घेतलाय, त्यांच्या चलनातल्या १ ह्रिव्नियाच्या नाण्यावर व्लादिमीर स्वतः, आणि २०२१ मध्ये राज्यत्वाचा एक नवा दिवस जाहीर केला तोही त्याच्या सणाच्या दिवशी. त्यांची बाजू मला जास्त पटते, साधं कारण आहे, तो जिथे राहिला, जिथे मेला ते गाव त्यांच्याकडे आहे. पण तो माणूस स्वतःला ना युक्रेनियन म्हणाला असता ना रशियन, त्याचे पूर्वज स्कँडिनेव्हियातून आलेले, आणि जो विकत मिळेल त्या वारांगी सैन्यावर त्याचा सगळा कारभार. रशियाने मात्र नावं सोडलेली नाहीत, अणुक्षेपणास्त्रांच्या पाणबुड्यांमधली एक 'व्लादिमीर मोनोमाख', २०१४ ची, आणि दुसरी 'राजा व्लादिमीर', २०२० ची. एकेकीत सोळा क्षेपणास्त्रं. मोनोमाखने मुलांसाठी उपदेश लिहून ठेवलेला आहे, त्यात तो म्हणतो की कुणालाही, अपराध्यालासुद्धा, मारू नका. हे त्या पाणबुडीवर कुणी वाचलंय का माहीत नाही.

बाकीचे भराभर. व्लादिमीर कोमारोव्ह, १९६७ मध्ये सोयुझ-१ खाली येताना पॅराशूट नीट उघडलं नाही, अंतराळ मोहिमेत जीव गेलेला पहिला माणूस. राकेश शर्मा १९८४ मध्ये सॅल्यूट-७ वर पोचले तेव्हा आत आधीपासून राहणाऱ्या तिघांत एक व्लादिमीर सोलोव्ह्योव्ह होता. भूगोलाच्या पेपरला ज्याच्या हवामान प्रकारांनी सगळ्यांना रडवलंय तो कोपेन, त्याचं नाव व्लादिमीर, सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेला जर्मन. टीव्हीच्या कॅमेऱ्याची नळी बनवणारा झ्वोरिकिन, व्लादिमीर, आणि जन्म मुरोमचा, जे तेव्हा व्लादिमीर प्रांतात होतं, त्यामुळे त्याला डबल मार्क. बुद्धिबळात कॅस्पारोव्हला २००० मध्ये हरवणारा क्रामनिक, ज्याला २००८ मध्ये बॉनला आनंदने हरवलं. बॉक्सर क्लिच्को, जो जर्मन पद्धतीने डब्ल्यू लावून लिहितो.

व्लादिवोस्तोक आणि व्लादिकावकाझ ह्यांना यादीत घालू नका, ती कुणा व्लादिमीरची शहरं नाहीत.

आणि एवढ्या सगळ्या राजे-संत-क्रांतिकारकांच्या नावाचं घरातलं रूप काय, तर वोलोद्या, वोवा आणि वोवोच्का. वोवोच्का म्हणजे रशियन विनोदांतला शाळकरी कार्टा, आपल्या जोक्समधला बंड्या अगदी, बाईंनी काही विचारलं की भलतंच उत्तर देणारा, वर्गाबाहेर काढला जाणारा. सोव्हिएत काळापासून हे जोक चालू आहेत, सगळ्यांना माहीत, आणि तिकडे कुठलाही व्लादिमीर सत्तेवर आला तरी जोक तयारच असतात, नवीन लिहायला लागत नाहीत.